सोयीचे निशाण, गैरसोयीचा किनारा

परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीकडे जाणाऱ्या मालमोटारीवर एमएच २७ ही अक्षरे दिसली, की तिची नोंद अमरावतीच्या परिवहन कार्यालयात आहे व अपघात झाल्यास मालकाचा पत्ता तेथे मिळेल, असे गृहीत धरता येते. समुद्रावर हा साधा हिशेब चालत नाही.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल सांडले. पहिल्यावर पनामाचे निशाण होते, दुसऱ्यावर सेंट किट्स आणि नेव्हिसचे. पुढच्याच वर्षी मुंबईनजीक बुडालेले कोळशाचे ‘रॅक कॅरियर’ हेही पनामाचेच. राष्ट्रीय हरित लवादाने त्याच्या जहाज कंपनीवर १०० कोटी रुपयांची भरपाई बसविली ती २०१६ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी.

ही व्यवस्था दुबळ्या राष्ट्रांनी निर्माण केली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९४८ मध्ये अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री एडवर्ड स्टेटिनियस यांच्या पुढाकाराने लायबेरियाची जहाज-नोंदणी सुरू झाली. तिचा कारभार आजही व्हर्जिनियातील एक खाजगी कंपनी पाहते. मार्शल बेटांची नोंदणीही त्याच राज्यातून चालते. मालकाला करातून सुटका व कोणत्याही देशाचे स्वस्त खलाशी मिळतात, राष्ट्राला शुल्काचा वाटा. मंगोलियाला तर समुद्रच नाही. तरीही २००३ पासून त्याची नोंदणी सिंगापुरातून चालत आली आहे. सिपनेच्या काठच्या सेमाडोहानेही मग जहाजे नोंदवावयास हरकत नसावी!

पनामा, लायबेरिया व मार्शल बेटे या तिघांकडे आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक जहाज-वहनक्षमता आहे. त्यांची तपासणी पूर्वीपेक्षा कडक झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु निशाण बदलणे इतके सोपे आहे, की एका राष्ट्राने अट वाढविली तर मालक दुसऱ्याच्या दारात जातो. जहाज व राष्ट्र यांत ‘खरा संबंध’ असावा, असे १९८२ चा सागरी कायदाविषयक करार सांगतो. त्या संबंधाला अर्थ देऊ पाहणारा १९८६ चा करार मात्र अंमलातच आला नाही. मालकांनी पगाराविना वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत २०२४ मध्ये सर्वाधिक संख्या भारतीयांची होती, ही बाब येथे विसरता येत नाही.

उपाय किनाऱ्यावरच शोधावा लागेल. मे २०२५ मध्ये लायबेरियाचे निशाण लावलेले ‘एमएससी एल्सा-३’ केरळजवळ बुडाले, तेव्हा केरळ सरकारने उच्च न्यायालयाकडून त्याच कंपनीशी संबंधित दुसरे जहाज विळिंजम बंदरात अडकवून घेतले. हा मार्ग योग्यच होता. पण ज्या कागदी कंपनीचे एकच जहाज असते आणि तेच तळाशी गेलेले असते, तिचे काय अडकविणार? अशा जहाजाच्या विम्याची शहानिशा ते बंदरात शिरण्यापूर्वीच झाली पाहिजे, आणि विमा संशयास्पद वाटल्यास त्याला बाहेरच्या बाहेर परत लावण्याची हिंमत बंदर अधिकाऱ्यांनी दाखविली पाहिजे.