ओव्हरटाइम ही बक्षिशी नव्हे



‘ओव्हरटाइम देणे हा मालकाच्या मनाचा मोठेपणा’ असे सांगणारे पत्र आपल्या अंकात वाचले. आमच्या कोरेगाव तालुक्यात गळीत हंगामात पुढच्या पाळीच्या माणसाने खाडा केला, की आधीच्या पाळीचा कामगार यंत्रावरच थांबतो. तेव्हा मोठेपणा नेमका कोणाचा?

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ५९ व्या कलमाने दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपुढच्या कामाला दुप्पट दर ठरवला. तोही नुसत्या मूळ पगारावर नव्हे, महागाई भत्ता धरून. पुष्कळ ठिकाणी काटछाट होते ती नेमकी इथेच! नव्या श्रमसंहितेतही दुप्पट दर कायम आहे, शिवाय जादा कामाला कामगाराची संमती लागते. ‘उद्या जरा उशिरा ये’ म्हणून हिशेब मिटवता येत नाही. (ऊसतोड मजुराला तर टनावर मजुरी, तो पहाटे अंधारात फडात उतरला तरी ओव्हरटाइमचे नाव नाही. त्याच्याबद्दल पत्रलेखक काय म्हणतील?)

कामगार बांधवांनी जादा तास स्वतःच्या वहीतही टिपावेत आणि पगाराच्या पावतीशी ताडून पाहावेत.

— एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)