वॉटर एटीएमचं ‘एआय पॅकेज’ घ्यायचं का? सही करण्याआधी हे गणित मांडा

वॉटर एटीएम टाकायचं ठरवलेल्या बऱ्याच जणांचा सध्या एकच प्रश्न असतो. मशीनवाला म्हणतो, आमच्याकडे एआय आहे, मशीन बंद पडायच्या आधीच तुमच्या मोबाईलवर मेसेज येईल, त्याचे महिन्याला वेगळे पैसे. घ्यायचं का? माझं मत सरळ आहे. पहिलं किंवा दुसरं मशीन असेल तर सध्या नको. पण का नको ते समजून घ्या, कारण मशीन लर्निंग ही गोष्ट खोटी नाही. ती तुमच्या गळ्यात कशी मारली जाते, तिथे घोळ आहे.

मशीन लर्निंग म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकणं. प्रेशर किती होतं, मोटर किती करंट ओढत होती, टीडीएस किती होता आणि त्यानंतर काय बिघडलं, अशी हजारो उदाहरणं दिली की सॉफ्टवेअर त्यातला पॅटर्न पकडतं. आता तुमचं एक मशीन वर्षात बंद पडणार चार-पाच वेळा. चार उदाहरणांवरून काय शिकणार? म्हणजे शिकलेलं असतं ते दुसऱ्यांच्या मशीनवरून, दुसऱ्या गावच्या पाण्यावर आणि दुसऱ्या व्होल्टेजवर. तुमच्या बोअरचं पाणी जास्त क्षाराचं असेल तर तो अंदाज तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

यावर सेल्समन म्हणतो, ‘सर, 99 टक्के अॅक्युरसी आहे.’ इथे थांबा आणि कॅल्क्युलेटर काढा.

समजा कंपनीची 100 मशीनं आहेत. महिन्याचे 30 दिवस धरले तर 3000 मशीन-दिवस झाले. त्यात महिन्याला 30 बिघाड होतात. आता मी एक सॉफ्टवेअर बनवतो, जे रोज डोळे मिटून सांगतं, ‘आज काही बिघडणार नाही.’ ते 3000 पैकी 2970 वेळा बरोबर निघेल. झाली की 99 टक्के अॅक्युरसी! आणि पकडलेले बिघाड किती? शून्य.

म्हणून अॅक्युरसी विचारूच नका. दोन आकडे विचारा: 30 पैकी किती बिघाड आधी पकडले, आणि खोटे इशारे किती दिले?

समजा 20 पकडले आणि 60 खोटे दिले. खऱ्या 20 फेऱ्या मेकॅनिकला तशाही कराव्या लागल्या असत्या, त्या सोडा. 60 फेऱ्या फुकट गेल्या. फेरीला 600 रुपये धरले तर 36,000 गेले. वाचलं किती? प्रत्येक बिघाडाला मशीन दोन दिवस बंद राहिलं असतं आणि रोजचा गल्ला 700 आहे असं धरा, तर 28,000. म्हणजे एआय लावून तोटा, आणि त्यात पॅकेजचे पैसे अजून धरलेलेच नाहीत. तेच खोटे इशारे 60 ऐवजी 20 असते तर खर्च 12,000 झाला असता आणि सौदा वाईट नव्हता. हे आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुमच्या गावचे तुम्ही टाका.

मोठ्यांचंही सगळं पकडलं जात नाही बरं का. गुगलने 2007 मध्ये एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास मांडला होता. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते, तरी बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये धोक्याच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दिसली नव्हती. तिथे ही गत, तर आपल्या कॉइन बॉक्सचं काय घेऊन बसलात.

वॉटर एटीएममध्येही बिघाड दोन जातींचे असतात. कॉइन अडकणं, व्होल्टेज वरखाली होऊन बोर्ड जळणं, हे अचानक होतं. त्याचा अंदाज बांधणं अवघड, तिथे चांगला स्टॅबिलायझर जास्त कामाचा. दुसरे हळूहळू येतात आणि ते ओळखायला एआय लागतच नाही. फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं प्रेशर यातला फरक वाढत चालला तर फिल्टर तुंबतोय. येणाऱ्या पाण्याचा टीडीएस 800 आणि बाहेरचा 60 असायचा, तो महिन्याभरात 110 वर गेला, तर मेंब्रेनकडे बघायची वेळ झाली. टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. रोज सकाळी मशीन उघडताना चार आकडे वहीत लिहा, पाच मिनिटांचं काम आहे. पुढे दहा-बारा मशीनं झाली की हीच वही सॉफ्टवेअरला शिकवायला उपयोगी पडेल. तेव्हा एआय घ्या, मी स्वतः घ्या म्हणेन.

आणि मेसेज आल्यावर पुढे काय, हे कोणी विचारतच नाही. ‘पंप जाणार आहे’ असा मेसेज सोमवारी आला आणि मेकॅनिक तालुक्याहून शुक्रवारी येणार असेल, तर त्या मेसेजचं लोणचं घालायचं का? त्याच पैशात एक जादा कॉइन अॅक्सेप्टर, फिल्टर कार्ट्रिज आणि एक पॉवर सप्लाय दुकानात आणून ठेवा.

तरीही पॅकेज घ्यायचंच असेल तर एएमसीच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या. इशाऱ्यानंतर किती तासांत माणूस येणार. खोट्या इशाऱ्याच्या फेरीचे पैसे कोण भरणार. आणि करार संपल्यावर तुमच्या मशीनचा डेटा तुम्हाला एक्सेलमध्ये मिळणार का. तिसऱ्या मुद्द्यावर सेल्समन ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणाला, तर साहेबांचं उत्तर लेखी येईपर्यंत टोकन देऊ नका.

वहीचे रकाने कसे आखायचे ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो.