पहिल्या धारेची

'पहिल्या धारेची' हा शब्द शहरात मोठ्या चवीने उच्चारतात. पण ती धार निघते कशातून, असे विचारले की पुष्कळांची पंचाईत होते. गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीकडच्या रानात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक! चैत्राच्या सुमारास पहाटे मोहफुले टपटपतात. बाया टोपल्या भरून ती वेचतात, उन्हात वाळवतात. वाळली फुले पाण्यात भिजत घातली की काही दिवसांत आंबतात. मग मडके चुलीवर चढते, वाफ थंड होते आणि थेंब थेंब दारू गळू लागते. पहिली धार कडक, पुढची पातळ.

गोव्यात काजूच्या बोंडांचा रस असाच आंबवून गाळतात. पहिली उतरते ती हुर्राक. तीच पुढे पुन्हा गाळली की फेणी. त्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या मोहाच्या नशिबी मात्र पंचनामा! हा पंक्तिप्रपंच कुणालाही खटकावा.

पण वाचकहो, नाण्याला दुसरी बाजू आहे. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली आणि ती मागण्यात बाया पुढे होत्या. चव घरधन्याची, झळ घरधनिणीला! म्हणून मोहाचा मान वाढवायचाच असेल, तर आधी फुलाला चांगला भाव द्यावा. मोहाची भाकर होते, लाडूही होतात. पहाटे वाकून वेचणारीच्या पदरात चार पैसे पडले, की धारेच्या चवीबद्दल आपण खुशाल वाद घालू.