दोष दाटीचा की खोलीचा?

साथ आली की शहराच्या नावाने बोटे मोडायची, ही आपली जुनी सवय. करोनाने तिला नवे बळ दिले. मुंबईची गर्दी सोडा, नाशिकजवळच्या ओझरसारख्या गावी राहा. 1964 च्या मिग विमानांच्या कारखान्यामागून वसलेली हिंदुस्तान एरोनॉटिक्सची (एचएएल) टाऊनशिप पाहा, क्वार्टर्स, झाडी, मोकळी हवा! उद्याचे राहणे असेच विरळ असणार, असे छातीठोकपणे सांगितले जाते.

युक्तिवाद देखणा आहे, पण विषाणूने तो जुमानला नाही. मार्च 2020 च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातला पहिला रुग्ण सापडला तो ओझरच्याच निफाड तालुक्यात, लासलगावजवळच्या खेड्यात. दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनचा बेड शोधत खेड्यांतले नातेवाईक धावले ते शहराकडेच.

उलट मुंबईतली धारावी पाहा. अडीच चौरस किलोमीटरांहून कमी जागा, लाखोंची वस्ती. तिथे पहिल्या लाटेत 1 एप्रिलला पहिला रुग्ण निघाला. पालिकेचे कर्मचारी आणि खासगी डॉक्टर घरोघर फिरले, शाळांत विलगीकरण झाले आणि 25 डिसेंबरला नव्या रुग्णांचा आकडा शून्यावर आला. माणसे जवळजवळ राहत असली की मदतही झटकन पोहोचते, हे विरळ वस्तीचे भोक्ते विसरतात.

मात्र धारावीचे गोडवे गाताना दुसरे आकडे दडवू नयेत. जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीत सुमारे 57 टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली, त्याच वॉर्डांतल्या इतर वस्तीत 16 टक्के. वॉर्ड तेच, रस्ते तेच. मग फरक कशाचा? एका खोलीत झोपणाऱ्या माणसांचा, खिडकीचा आणि शौचालयासमोरच्या रांगेचा.

हा धडा नवा नाही. 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग निघाला. 1898 च्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने कोंदट चाळी पाडल्या, दादर-माटुंग्यात प्रशस्त वसाहती आखल्या. त्या मध्यमवर्गाला लाभल्या. पाडलेल्या चाळीतला गरीब मात्र शेजारच्या चाळीत आणखी दाटीने कोंबला गेला. मे 2020 च्या टाळेबंदीत ओझरवरून मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेकडे पायी निघालेले मजूर अशाच खोल्यांतून निघाले होते. रोजगार बुडाला, भाडे थकले, आणि खोलीत दिवसभर बसायला सगळ्यांना जागाच नव्हती.

ओझरची आता नगरपरिषद झाली आहे. महामार्गालगत इमारती चढणारच, आणि चढाव्यातही. फक्त परवानगीच्या कागदावर मजल्यांइतकीच काटेकोर नोंद खिडक्यांची, शौचालयांची आणि पायी गाठता येईल अशा दवाखान्याची हवी. भाड्याच्या खोल्यांनाही तीच अट लागू व्हावी.