दोनशे रुपयांची झाळ आणि तुळजापूरचा घाट

सुरुवातीला जुनी गाडी घ्या, असं मी बॅचमध्ये सांगितलं की एक प्रश्न हमखास येतो. "सर, जुनी गाडी म्हणजे खर्चाची खाण नाही का?" माझं मत सरळ आहे. गाडी जुनी असल्यानं धंदा बुडत नाही, आपण दुरुस्ती टाळतो म्हणून बुडतो. हे मी फुकट शिकलेलो नाही.

माझं धाराशिवमध्ये पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. मिठाईचे बॉक्स, पिशव्या, कागद. माल आणायला सेकंडहँड ओम्नी घेतली होती. त्या वर्षी उन्हाळ्यातच रेडिएटर गळायला लागला. मेकॅनिक म्हणाला, बदलून टाका. मी म्हणालो, सध्या झाळ मारून द्या. 200 रुपयांत काम झालं, मी खूश. दीड महिन्यानं परत गळती, परत झाळ. तिसऱ्यांदा कुणीतरी सांगितलं की रेडिएटरमध्ये हळद टाका, भोक बंद होतं. टाकली राव! बीबीए केलेला माणूस, रेडिएटरला हळद लावतोय.

नवरात्राच्या आठवडाभर आधी तुळजापूरच्या एका पेढेवाल्याची पेढ्याच्या बॉक्सची मोठी ऑर्डर होती. सोलापूरहून गाडी भरून निघालो. सोलापूरकडून तुळजापूरला येताना घाट चढावा लागतो, हे तुम्हाला माहीतच आहे. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. अर्ध्या घाटात सीट तापायला लागली, गोडसर वास आला. काटा मात्र फार वर नव्हता, म्हणून मी चालवतच राहिलो. हीच चूक. पाणी पार संपलं की सेन्सर पाण्यात राहत नाही आणि काटा खोटं बोलू शकतो, हे मला नंतर कळलं.

गाडी घाटात बंद पडली. माल दुसऱ्या दिवशी पोचला, तोवर पेढेवाल्यानं दुसरीकडून बॉक्स घेतले होते. हेड गॅस्केट गेलं होतं, ॲल्युमिनियमचं हेड वाकलं होतं, ऑईलमध्ये पाणी जाऊन त्याचा चहा झाला होता. सगळं मिळून 16 हजार. त्यात नवीन रेडिएटर आलाच, जो आधी 3 हजारांत बसला असता. हळदीनं भोक बुजलं होतं, तशा आतल्या बारीक नळ्याही बुजल्या होत्या.

आपल्या भागात हे जास्त का होतं, तर पाण्यामुळे. आपण रेडिएटरमध्ये सरळ बोअरचं पाणी ओततो. हंड्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो ना, तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनच्या आत बसतो. मग मे महिन्यात 40 अंशांच्या वर गेलं की इंजिनची उष्णता बाहेर टाकायला जागाच उरत नाही. कूलंटमध्ये गंज रोखणारं रसायन असतं आणि त्यानं पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. डिस्टिल्ड वॉटर घालून वापरा. बाटलीवर प्रमाण लिहिलेलं असतं.

रेडिएटर बदलताना नुसता रेडिएटर बदलू नका. होस पाईप दाबून बघा. कडक झाले असतील किंवा चिरले असतील तर ते बदला, क्लिपा नवीन टाका. झाकणही नवीन घ्या. ते आतला दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी 100 अंशांना उकळत नाही. इंजिनचा आतला भाग फ्लश करून घ्या, नाहीतर जुना गाळ नव्या रेडिएटरमध्ये जाणार. नवीन पाणी भरल्यावर सिस्टीममधली हवा काढायला लावा. आणि कुणी "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गार राहते" म्हणालं तर हात जोडा. थर्मोस्टॅट साधारण 80 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडतो. तो नसेल तर इंजिन गरम व्हायला वेळ घेतं, पेट्रोल जास्त खातं, झिजतंही लवकर. खराब असेल तर बदला.

आता हिशोबाकडे या. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या वहीत गाडीचा खर्च म्हणजे फक्त पेट्रोल. टायर, ऑईल, इन्शुरन्स, 15 वर्षांनंतर आरटीओत करावी लागणारी 5 वर्षांची फेरनोंदणी, हे कुठेच नाही. मग डिलिव्हरीचा दर कमी लागतो आणि रेडिएटर गळाला की "बजेट नाही". मी आता किलोमीटरमागे 2 रुपये वेगळ्या खात्यात टाकतो. सोलापूरची एक फेरी मारली की ते पैसे त्याच दिवशी बाजूला. आकडा तुमच्या गाडीप्रमाणे ठरवा, पण तो मालाच्या दरात धरा.

काही जण म्हणतील, मग लोन काढून नवीनच का नाही? घ्या की, महिन्याला ठरलेली डिलिव्हरी असेल तर जरूर घ्या. पण हप्त्याला पितृपक्ष कळत नाही. पहिल्या दोन वर्षांत ज्याचं गिऱ्हाईक पक्कं नाही, त्यानं जुनीच गाडी नीट ठेवावी. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, दर आठवड्याला ऑईल टाकावं लागत असेल, पत्रा कुजला असेल, तर मात्र तिच्यात पैसे घालू नका, विका. आणि हो, खाजगी पासिंगच्या गाडीत दुसऱ्याचा माल भाड्यानं न्यायचा नाही.

माझी ओम्नी अजून चालू आहे. रविवारी सकाळी इंजिन थंड असताना मी स्वतः झाकण उघडून पाणी बघतो. गरम असताना झाकणाला हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. दोन मिनिटांचं काम आहे. तुळजापूरचा तो पेढेवाला अजूनही दुसरीकडूनच बॉक्स घेतो. या नवरात्राआधी परत एकदा सॅम्पल घेऊन जाणार आहे त्याच्याकडे.