रेशनचे तेल आणि मळ्याची साखर

मॉरिशसचे नाव निघाले की आपल्याकडे तेथील मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाचे कौतुक सुरू होते. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते, हेही अभिमानाने सांगितले जाते, सांगावेच. परंतु करारबद्ध मजूर म्हणून मुंबई बंदरातून गेलेल्या त्या माणसांच्या वंशजांना आज कोणत्या व्याधीने गाठले आहे, याची विचारपूस क्वचितच होते. या बेटावरील दर पाच प्रौढांपैकी जवळजवळ एकाला मधुमेह आहे आणि निम्म्याहून अधिक प्रौढांचे वजन प्रमाणाबाहेर गेले आहे.

अशा वेळी दोष संस्कृतीच्या माथी मारणे सोपे असते. भारतीयांची तेलकट डाळपुरी, चिन्यांच्या परतलेल्या शेवया, फ्रेंचांनी रुजवलेला पांढरा पाव. ज्याला त्याला दुसऱ्याच्या ताटात रोग दिसतो. 1987 साली झालेल्या पाहणीने या समजाला चांगलाच धक्का दिला. हिंदू, मुसलमान, क्रिओल आणि चिनी या चारही समाजांत मधुमेहाचे प्रमाण शेकडा 10 ते 13 च्या आसपासच आढळले. देव वेगळे, भाषा वेगळ्या, चुली वेगळ्या. व्याधी मात्र सर्वांची एक. मग कारणही जे सर्वांना समान आहे त्यातच शोधले पाहिजे.

समान आहे तो इतिहास. 1835 मध्ये गुलामगिरी संपली आणि गुलामांच्या जागी मळेवाल्यांनी भारतातून सुमारे साडेचार लाख मजूर आणवले. जमीन उसाखाली गेली, ती भाताला वा डाळीला उरली नाही. खाण्याचे धान्य बाहेरून जहाजाने येत राहिले. स्वातंत्र्य 1968 मध्ये मिळाले, पण ही घडी फारशी बदलली नाही. 1970 नंतर निर्यातीसाठी कपडे शिवणारे कारखाने निघाले आणि हजारो स्त्रिया यंत्रासमोर बसू लागल्या. त्यांना स्वतःची मजुरी मिळू लागली, हे मोठेच पाऊल होते. परंतु दिवसभर बसून काम करून दमून घरी येणाऱ्या बाईने पुन्हा चुलीशी उभे राहावे, ही अपेक्षा घराने सोडली नाही. मग नाक्यावरचा पाव, तळणीचे पदार्थ आणि गोड पेयाची बाटली घरात आली, तर तो त्या बाईचा दोष कसा म्हणावा?

मॉरिशसच्या सरकारने एक काम मात्र खरोखर धडाडीचे केले. सर्वसामान्यांच्या वापरातील स्वस्त तेल बहुतांशी पामतेल होते. 1987 मध्ये सरकारने त्याचे स्वरूपच बदलले आणि त्या जागी सोयाबीनचे तेल आणले. 1992 पर्यंत लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलचे सरासरी प्रमाण शेकडा 15 च्या आसपास उतरले. गरिबाच्या कढईत पडणारे तेल बदलले, याचा त्यात मोठा वाटा होता.

मात्र याच पाच वर्षांत लठ्ठपणा वाढत गेला. तेल बदलणे तुलनेने सोपे होते, कारण पामच्या झाडामागे त्या बेटावर कोणी मळेवाला उभा नव्हता. शाळांच्या उपाहारगृहांत काय विकावे याचे नियम 2009 मध्ये झाले आणि पेयांतील साखरेवर कर 2013 मध्ये बसला. म्हणजे साखरेकडे वळायला सरकारला वीस वर्षांहून अधिक काळ लागला. शिवाय कर भरतो तो बाटली विकत घेणारा. त्याच्या हाती त्याच किमतीत दुसरे काही बरे पडावे, ही व्यवस्था केल्यावाचून अशा कराचा न्याय अपुराच राहतो.

हे सारे दूरच्या बेटाचे आहे असे समजून ऊसकरी महाराष्ट्राने निश्चिंत होऊ नये. 2022 च्या दिवाळीत राज्य सरकारने शिधापत्रिकाधारकांना 100 रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. त्यात एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल होते. मॉरिशसने 35 वर्षांपूर्वी जे तेल गरिबांच्या घरातून बाहेर काढले, तेच येथे सणाची भेट म्हणून आले. गाजावाजा झाला तो पिशव्या वेळेवर पोहोचल्या की नाहीत याचा. पिशवीत शेंगदाण्याचे तेल का नाही, साखरेऐवजी आणखी एक किलो डाळ का नाही, हे प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनीही जोराने विचारले नाहीत. रेशनच्या मोर्चांत आपण नेहमी किलो आणि रुपये यांचाच हिशेब मागत आलो. गावोगावच्या रेशन दक्षता समित्यांच्या बैठका होतात. ज्या समितीवर आपले सभासद आहेत, तिच्या पुढच्याच बैठकीत तेल कोणते असावे हा विषय त्यांना मांडता येईल.