मोजणारे कोण आणि मोजले जाणारे कोण?

गेल्या बाजाराच्या दिवशीं आमच्या शाळेच्या ओट्यावर सुतारकाम करणारे एक गृहस्थ येऊन बसले. त्यांची मुलगी आमच्याच शाळेंतून शिकून गेलेली. यंदा बारावींत आहे. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "गुरुजी, पोरगी म्हणते का मी मानवशास्त्र शिकतो. हे काय असते जी? अन् यानं पोट भरते काय?"

प्रश्न सरळ आहे, त्याला उत्तरहि सरळच दिलें पाहिजे. नर्स म्हणजे काय, तलाठी म्हणजे काय, इंजिनियर म्हणजे काय हें गिरडच्या घरोघरीं ठाऊक आहे. मानवशास्त्राचें नांव मात्र आमच्या चावडीवर कधीं निघालें नाहीं. आम्ही स्वतः मराठी शाळामास्तरांच्या ट्रेनिंग कॉलेजांत शिकलेले; विद्यापीठाच्या वर्गांत आम्ही कधीं बसलों नाहीं. म्हणून त्या गृहस्थांकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली, पुस्तकें चाळलीं, जाणत्यांस विचारलें. जें हातीं आलें तें त्यांच्यासारख्या सर्वच आईबापांसाठीं येथें मांडतों.

मानवशास्त्र म्हणजे माणसाचा अभ्यास. माणसाचें शरीर व रक्त, त्याचीं लग्नें, नातीं, देव, धंदे आणि बोली, आणि जमिनीखालीं गाडलेलीं त्याच्या पूर्वजांचीं हत्यारें, हें सर्व ह्या एकाच शास्त्रांत येतें. हें ऐकून कोणी म्हणेल, यांत शिकण्यासारखें काय आहे? तर आमच्याच टेकडीकडे पाहा. शेख फरीदबाबांच्या दर्ग्याच्या टेकडीवर गोल गोल दगड सांपडतात. कथा अशी कीं, माल घेऊन जाणाऱ्या दोन बंजाऱ्यांनीं बाबांची थट्टा केली, तेव्हां बाबांनीं त्यांच्या नारळांचे व सगळ्या मालाचे दगड करून टाकले. पुढें ते शरण आले, बाबांनीं वाळल्या पानांपासून त्यांस नवा माल करून दिला, आणि ते दोघे कायमचे बाबांच्या सेवेंत राहिले. त्यांच्या कबरीहि टेकडीवर दाखवितात. इंग्रजांच्या गॅझेटियरांतहि ही कथा छापलेली आहे. भूगर्भशास्त्र जाणणारा सांगतो कीं, हे झिओलाइट नांवाच्या खनिजाचे गोळे आहेत. त्याचें काम तेथें संपतें. मानवशास्त्र शिकलेल्याचें तेथें सुरू होतें. कथेंत बंजारेच कां आले? बैलांच्या पाठीवर माल लादून ते कोणत्या वाटेनें जात असत? हिंदु कुणबी आपल्या लेकराचा नवस मुसलमान अवलियाला कां बोलतो, आणि तो फेडतांना कोणाच्या हातून फेडतो? हे प्रश्न शिळोप्याच्या गप्पा नव्हेत. गांवांत माणसें एकत्र कशीं नांदलीं आणि कोणत्या गोष्टीनें फाटतात, हें त्यांतून कळतें.

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी'त बळीराजा, खंडोबा, म्हसोबा यांच्याविषयीं असेच प्रश्न विचारले. त्यांनीं लाविलेल्या सर्व व्युत्पत्ति आज टिकतील असें आम्ही म्हणत नाहीं. पण कुळंब्याच्या देव्हाऱ्यांतील देवाला इतिहास आहे आणि तो पोथीबाहेर शोधला पाहिजे, हें म्हणणें अजून टिकलें आहे.

आतां कडू भाग. ह्या शास्त्राचा आणि आमचा संबंध जुना आहे, पण तो एकेरी आहे. १९१६ सालीं रसेलसाहेब व रायबहादुर हिरालाल यांचा मध्यप्रांतांतील जातीजमातींवरचा चार खंडांचा मोठा ग्रंथ लंडनला छापून निघाला. वर्धा जिल्हा तेव्हां मध्यप्रांतांत. कुणबी, तेली, लोहार, सुतार, कोष्टी, गोंड, सर्वांवर त्यांत प्रकरणें आहेत. मूळ कोठलें, पोटजाती किती, लग्न कसें, मर्तिक कसें, असें विचारीत विचारीत साहेब जातीच्या स्वभावापर्यंत येतो. माहितीची खाण आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. आज बुडालेल्या कितीतरी चालीरीती केवळ तेथेंच उरल्या आहेत. परंतु ज्यांच्याविषयीं हें लिहिलें त्यांतल्या किती जणांना तें वाचतां आलें असतें?

त्याच काळीं रिस्लेसाहेब, १९०१ च्या खानेसुमारीचे मुख्य अधिकारी, लोकांचीं नाकें मोजवून घेत होते. नाकाच्या रुंदीला लांबीनें भागावें, शंभरानें गुणावें, आणि येणाऱ्या आंकड्यावरून जातीची पायरी सांगावी! जितकें नाक रुंद तितकी जात खालीं, असा त्यांचा सिद्धांत. आमच्या नशिबानें कान मोजायचे राहिले. हंसून सोडावें अशी ही गोष्ट नव्हे. गुण आणि दुर्गुण जातीच्या रक्तांत असतात ही समजूत त्या काळच्या सरकारदरबारीं पक्की होती, आणि तिच्याच पायावर १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा उभा होता. पारध्याच्या पोटीं जन्मलें तें पोर चोर, त्यानें पोलिसांत हजेरी द्यावी, हा न्याय. तो कायदा रद्द व्हावयास १९५२ साल उजाडलें.

मग असल्या शास्त्रांत आपली मुलगी घालावी कशाला? आमचें उत्तर: म्हणूनच घालावी.

ज्या १९१६ सालीं तो चार खंडांचा ग्रंथ निघाला, त्याच सालच्या ९ मे रोजीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गोल्डनवायझर नांवाच्या अध्यापकांच्या मानवशास्त्राच्या वर्गांत एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें निबंध वाचला. विषय, हिंदुस्थानांतील जाती, त्यांची घडण, उगम आणि वाढ. विद्यार्थी होते भीमराव आंबेडकर. ज्यांचीं नाकें मोजायचीं त्यांच्यांतला एक जण मोजणाऱ्यांच्या वर्गांत उभा राहिला होता! त्यांनीं सांगितलें कीं जातीचें मूळ रक्तांत शोधूं नका. जात उभी आहे ती जातींतल्या जातींत लग्न करण्याच्या बंधनावर. तें बंधन राखण्यासाठींच सती, सक्तीचें वैधव्य आणि कोवळ्या मुलींचीं लग्नें ह्या चाली आल्या. साहेबांनीं आमच्या पोटजातींच्या याद्या केल्या. आंबेडकरांनीं त्या यादीच्या मुळाशीं बाईचें दुःख आहे हें दाखविलें. आणि पुढें १९४८ सालीं, अस्पृश्यतेच्या उगमावरील आपल्या ग्रंथांत, त्यांनीं नाकाच्या मापांचे तेच तक्ते हातीं घेतले व दाखवून दिलें कीं ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशांचे ठरत नाहींत. मोजपट्टी तीच, हात बदलला.

विद्या कोणाच्या घरची नसते, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. इरावतीबाई कर्वे ब्राह्मण घरच्या. त्या बर्लिनला डॉक्टर होण्यासाठीं गेल्या, तेव्हां वंशावंशांत उच्चनीच मानणारे ऑयगेन फिशर त्यांचे गुरु होते. कवट्यांच्या मापांतून वंशभेद सिद्ध होईल अशी गुरूची अपेक्षा; बाईंनीं कवट्या मोजल्या आणि तसें कांहीं निघत नाहीं असें लिहून दिलें. परदेशांत, एकटी बाई, समोर गुरु, आणि तरी जें निघालें तेंच लिहिलें. आमच्या पत्राचा आणि त्यांच्या घराण्याचा कांहीं ऋणानुबंध नाहीं, पण ह्या धैर्यास आम्ही नमस्कार करितों. पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यांनीं आयुष्य घातलें; 'मराठी लोकांची संस्कृति' हें त्यांचें पुस्तक मिळाल्यास मुलीनें अवश्य वाचावें.

हें सगळें जुनें झालें. आजच्या घराला काय उपयोग? सिकलसेलचें नांव आपल्या विदर्भांत कोणास सांगावें लागत नाहीं. रक्तांतील गोल पेशी विळ्यासारखी वांकडी होते, पोर हाडें दुखतात म्हणून रात्रभर रडतें, पुन्हां पुन्हां दवाखाना. गोंड, परधान, माडिया, पूर्वाश्रमीचे महार म्हणजे आजचे आमचे बौद्ध बांधव, आणि इतरहि जातींत हा दोष आहे. आई आणि बाप दोघेहि वाहक असले तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याचा धोका चारांत एक. एकाच बाजूनें दोष आला तर मूल सहसा धडधाकट राहतें, उलट हिंवतापाच्या कठीण दुखण्यापासून त्यास कांहीं रक्षण मिळतें. रानांत, दलदलींत राहणाऱ्यांत हा दोष टिकून राहिला तो यामुळें. आतां पाहा, कोणतें कुळ कोणत्या कुळांत मुलगी देतें हा मानवशास्त्राचा पहिला धडा, आणि हा आजार चालतो तो त्याच वाटेनें. केंद्र सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तपासणी होते, कार्ड मिळतें. पण तें कार्ड पेटीच्या तळाशीं कां जातें, मुलीचें लग्न मोडेल ह्या भीतीनें आई तें कां लपविते, हें रक्त तपासणाऱ्या यंत्रास कळत नाहीं. तें ज्यास कळतें असें माणूस गांवांतून शिकून गेलेलें असावें. भटजीकडे पत्रिका जुळविण्यापूर्वीं रक्त जुळवा, हें आम्ही शाळेंत पालकांना सांगत आलों आहोंत. शास्त्र शिकलेली आमचीच मुलगी सांगेल तेव्हां तें अधिक ऐकलें जाईल.

येथें आमच्या घरची एक गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं मोठ्या शहरांतील एका संस्थेचे लोक आमच्या मातोश्रींकडे आले. जात्यावरच्या ओव्या सांगा म्हणाले. मातोश्रींनीं दोन दिवस सांगितल्या, गळा बसला. चहा झाला, फोटो झाला, पुस्तक पाठवितों म्हणाले. पुस्तक आलें नाहीं, पत्रहि नाहीं. मातोश्री गेल्या. त्या आवाजाची प्रत कोण्या कपाटांत आहे, आणि आमच्या घरांत नाहीं.

आतां पोटाचें. खोटी आशा आम्ही दाखविणार नाहीं. ही पदवी घेतली कीं नोकरी दारांत येते असें नाहीं. त्या दृष्टीनें नर्सिंग सरस. पुढें एम्. ए. किंवा एम्. एस्सी. करावें लागतें. मग भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षणासारखें सरकारी खातें, संग्रहालयें, आरोग्याच्या व आदिवासी विकासाच्या योजना, अध्यापकी, अशा जागा आहेत, पण थोड्या. ह्या सर्वेक्षणाची स्थापना १९४५ ची, आणि त्याचें मध्य विभागीय केंद्र आपल्या नागपुरांतच आहे. बाप-लेकीनें एकदां जाऊन यावें. कलेक्टरकीच्या परीक्षेंत हा विषय ऐच्छिक म्हणून ५०० गुणांना घेतां येतो, आणि बरींच मुलें केवळ त्यासाठींच क्लास लावून तो पाठ करितात. त्यांस दोष देत नाहीं. पण पाठ केलेलें मानवशास्त्र म्हणजे कोरड्या विहिरींत पोहणें.

पदवीच्या पहिल्या वर्षापासून हा विषय शिकविणारीं कॉलेजें महाराष्ट्रांत फार थोडीं. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्यें समाजशास्त्राबरोबर तो शिकवितात. दिल्ली विद्यापीठांत आहे. सागरच्या विद्यापीठांत आहे, तें अंतरानें आणि खर्चानें आपल्याला सोयीचें. ह्या दोहोंसाठीं केंद्राची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती मराठींतून देतां येते, शिकावें मात्र इंग्रजी-हिंदींतून लागतें, आणि पहिलें वर्ष जड जाईल. घरीं राहूनच शिकायचें तर इग्नूचा पदवीक्रम आहे. प्रवेशाच्या वेळीं वसतिगृह व शिष्यवृत्ति यांची चौकशी मुलीवर न टाकतां बापानें समोर उभें राहून करावी.

एवढें सगळें आम्ही त्या गृहस्थांस सांगितलें. ते म्हणाले, "म्हणजे गुरुजी, पोरगी शिकून येईन अन् आमालेच विचारीन, तुमी असे काऊन वागता?" आम्ही म्हटलें, होय, तसेंच. त्यावर ते हंसले, पण हो म्हणाले नाहींत. मुलीच्या आईला विचारतों म्हणाले.

परवां मुलगी स्वतः आली होती. तिच्या वहींत आजोबांनीं सांगितलेलीं बैलगाडीच्या चाकाचीं नांवें होतीं: तुंबा, आरे, पुठ्ठे, धाव, आणि प्रत्येक लाकडी भागासमोर कोणतें लाकूड व तें कोठून येत असे याची नोंद. आजोबा ऐंशीच्या पुढचे. गांवांत नवी लाकडी गाडी आतां कोणी करून घेत नाहीं. आम्ही वही तपासली आणि एक शब्द दुरुस्त करूं लागलों. ती म्हणाली, "नका करू गुरुजी, आजा असाच म्हणतो." आम्ही पेन खालीं ठेविलें. परीक्षेचा अर्ज भरावयास फोटो लागतो म्हणून ती बापाबरोबर समुद्रपूरला जाणार आहे.